बेक्सहिलच्या बॅटर पुडिंगची पार्श्वभूमी

‘द गून शो’ या बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमाच्या पाचव्या मालिकेतला तिसरा भाग, ‘द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी’, ब्रिटिश रेडिओवर प्रथम लागला तो मंगळवारी, १२ ऑक्टोबर १९५४ रोजी. मांसावरचे रेशन उठले होते ४ जुलै १९५४ला. म्हणजे मधे बरोबर १०० दिवस. हा भाग ऐकताना ही दुसरी तारीख जवळ ठेवावी, कारण कथा १९४१ची, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेक्सहिल गावातली आहे आणि त्यात कुणीतरी अंधारात म्हाताऱ्या बायकांवर बॅटर पुडिंग ही खायची वस्तू भिरकावतो आहे.

१९४१च्या जूनपासून इंग्लंडमध्ये माणशी आठवड्याला साधारण एक अंडे मिळे, तेही दुकानात आले असेल तर. स्वयंपाकाची चरबी आठवड्याला २ औंस. चौघांपुरत्या बॅटर पुडिंगला ४ औंस मैदा, दोन अंडी, अर्धा पिंट दूध आणि सुमारे औंसभर चरबी लागते. मैदा बाजूला ठेवला, तो युद्धकाळात रेशनवर नव्हता. पण अंडी दोन माणसांच्या आठवड्याची आणि चरबी एका माणसाच्या निम्म्या आठवड्याची, एवढा ऐवज एका फेकीत गेला. शिवाय १९४०पासून अन्न वाया घालवणे हा तिथे गुन्हा होता. तेव्हा कथेतल्या मिनी बॅनिस्टर या म्हातारीच्या अंगावर पुडिंग आदळले की ध्वनिमुद्रणाला बसलेले लोक हसून का फुटतात, हे कळायला रेशनकार्डाइतका चांगला खुलासा दुसरा नाही. हसणाऱ्यांनी ती कार्डे १४ वर्षे सांभाळली होती. अंडी १९५३च्या मार्चमध्ये मोकळी झाली, लोणी आणि चरबी १९५४च्या मेमध्ये, मांस जुलैमध्ये. भाजलेले मांस आणि त्याच्या चरबीत फुललेले पुडिंग हवे तेवढे करता येईल असा युद्धानंतरचा तो पहिलाच शरद ऋतू होता.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुडिंग म्हटले की जळक्या साखरेचे, थरथरणारे गोड पुडिंग येते. बॅटर पुडिंग मुळात गोड नाही. घावनाच्या पिठासारखे सरसरीत पीठ, पण मैद्याचे आणि अंड्या-दुधात कालवलेले, हे त्याचे मूळ रूप. नाव एक आणि पदार्थ मात्र निदान दोन. पहिला प्रकार भट्टीतला. आगीसमोर मांस भाजताना खाली ठिबकणाऱ्या चरबीत हे पीठ ओतत. छापील पाककृतीत १७३७ साली तो ‘ड्रिपिंग पुडिंग’ म्हणून येतो आणि १७४७ साली ‘यॉर्कशायर पुडिंग’ म्हणून. दुसरा प्रकार फडक्यात किंवा वाडग्यात बांधून उकडलेला. विसाव्या शतकात पहिला सर्वत्र पसरला आणि दुसरा घरांतून मागे पडला, त्यामुळे आजचा श्रोता या भागातले पुडिंग बिनदिक्कत यॉर्कशायर पुडिंग समजतो. हे तपासून पाहण्यासारखे आहे.

भट्टीतले पुडिंग असे होते. पीठ कालवून अर्धा तास ठेवायचे म्हणजे मैदा दूध पितो. पसरट भांड्यात चरबी घालून ते भट्टीत धूर येईपर्यंत तापवायचे आणि मग पीठ एकदम ओतायचे. ओतताना चर्र आवाज आलाच पाहिजे. २२० अंश सेल्सियसला २० ते २५ मिनिटे ठेवायचे आणि पहिली २० मिनिटे दार उघडायचे नाही. पिठातले पाणी वाफ होऊन आतून रेटा देते, वरची कड तोवर धरलेली असते आणि मध्ये पोकळी तयार होते. चरबी पुरेशी तापली नसेल तर पीठ तळाला चिकटते आणि पुडिंग बसके होते. दार लवकर उघडले तर न धरलेली भिंत कोसळते. नीट जमलेले पुडिंग कडेला कुरकुरीत आणि आत जवळजवळ रिकामे. रसायनशास्त्रज्ञांच्या एका ब्रिटिश संस्थेने २००८ साली त्याची उंची ४ इंचांपेक्षा कमी नसावी असे जाहीर केले होते. असली हलकी, पोकळ वस्तू अंधारात फेकून कुणाला पाडता येत नाही.

उकडलेल्याची तऱ्हा वेगळी. फडके उकळत्या पाण्यात बुडवून, पिळून, त्यावर मैदा भुरभुरायचा. त्याची चिकट साय धरते आणि पाणी आत शिरत नाही. पुरचुंडी बांधताना फुगायला जागा ठेवायची आणि सुमारे तासभर उकळत ठेवायचे. पाण्याची उकळी मोडली तर पाणी आत झिरपते आणि हाती चिकट लगदा येतो. बाहेर काढल्यावर दोन-चार मिनिटे दम न धरता सोडले तर ते फुटते. वर सांगितलेल्या मापात याचे वजन अर्धा किलो भरते, कारण वाफ होऊन उडून जाणारे पाणी इथे आतच राहते. बेक्सहिल ज्या ससेक्समध्ये आहे तो प्रांत उकडलेल्या पुडिंगांसाठीच ओळखला जातो, हेही लक्षात घ्यावे.

निर्णय कानाने करावा. ध्वनिमुद्रणात आधी हवा कापत येणारा आवाज आहे आणि मग पचकन ओला आघात. भट्टीत नीट फुललेले पुडिंग हा आवाज देऊच शकत नाही, ते पडले तर खुळखुळेल. हा आवाज उकडलेल्या गोळ्याचा, नाही तर मध्ये कच्चट राहिलेल्याचा. ‘यॉर्कशायर पुडिंग’ हे सोपे, सर्वांना ठाऊक असलेले नाव सोडून जुने ‘बॅटर पुडिंग’ वापरले गेले यातच त्या विनोदाचे वजन आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. आधुनिक टिपणांमध्ये सरसकट ‘यॉर्कशायर’ लिहिले जाते तेव्हा पदार्थही बदलतो आणि फेकही.

आवाज काढण्याची त्या वेळची रीत दोन हातांची होती. पावले, दारे, काडी ओढणे हे स्टुडिओतच मायक्रोफोनजवळ केले जाई. स्फोट, आगगाड्या, शिट्टी घालत येणारे तोफगोळे तबकड्यांवरून सुटत. त्यासाठी तबकडीवर नेमकी रेघ मेणपेन्सिलीने खुणावून ठेवत आणि इशारा मिळताच सुई त्या खुणेवर सोडत. क्षणभर उशीर झाला की हशा आधी आणि गोळा मागून. याच मालिकेबद्दल पायमोज्यात कस्टर्ड भरून आपटल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. उपाहारगृहातून मुद्दाम कस्टर्ड करून आणले, मोजा गरगरवून फळीवर हाणला आणि हवा तो आवाज आलाच नाही. कारण साधे आहे. पचका ऐकू यायला लगदा पसरावा लागतो. मोजा त्याला धरून ठेवतो, आणि मायक्रोफोनला ऐकू येतो तो नुसता ओल्या लोकरीचा ठोका.

गाव मात्र मनातले नाही. अहमदनगरला १९१८ साली जन्मलेला आणि पुण्यात वाढलेला या मालिकेचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९४०च्या उन्हाळ्यात तोफखान्यातला सैनिक म्हणून बेक्सहिलच्या किनाऱ्यावर आला. जर्मन उतरतील या धास्तीत तो किनारा होता. १९४३च्या जानेवारीत त्याची तुकडी अल्जीरियाला पोहोचली. पुडिंग फेकणाऱ्याला शोधणारा कथेचा नायक नेडी सीगून, त्याचा तपास बेक्सहिलहून निघून पलटणीच्या मागोमाग आफ्रिकेत जातो तो याच वाटेने. काडीपेटीचा प्रसंगही तिथूनच आलेला. ब्लॅकआऊटमध्ये, म्हणजे युद्धकाळातल्या दिवेबंदीत, एवढीशी काडी कुणाला दिसणार म्हणून ती ओढतात आणि पलीकडून गोळा येतो. मग जर्मन बनावटीची काडी ओढून पाहतात, तर आपल्याच तोफा सुटतात. प्रत्यक्षात पलीकडच्या तोफांचा मार डोव्हरच्या बाजूला होता, जिथे इंग्लिश खाडी ३३ किलोमीटर रुंद आहे. बेक्सहिलपासून समोरचा किनारा त्याच्या दुपटीहून लांब.

पुढे परदेशी केंद्रांसाठी या भागांच्या वेगळ्या तबकड्या निघाल्या. त्यात स्थानिक संदर्भ आणि मधली गाणी-वाद्ये कापली जात, म्हणून हाती येणाऱ्या प्रतींची लांबी सारखी नसते. संहिता १९७२ साली छापून आली. ऐकताना ती समोर ठेवली तर कुठे कात्री लागली ते कळते. संहितेत आवाजाच्या सूचना थोड्या शब्दांत आहेत, त्या मुद्दाम वाचाव्यात.

कथेच्या शेवटी बंदुका आणि तोफा मागे पडतात. उरते समुद्रावरची एक होडी, आणि त्यात उपाशी माणसे. जवळ खाण्यासारखे एकच, ते पुडिंग. गुन्ह्याचा पुरावाही तेवढाच. खाल्ले तर खटला बुडतो, ठेवले तर जीव जातो. निवेदक हा प्रश्न श्रोत्यांवर सोपवतो आणि ज्यांना गोड शेवट हवा त्यांच्यासाठी एक वेगळा शेवट जोडून देतो.