देखभालीचा खर्च गेला कुठे? विजेच्या गाड्या आणि जुन्या मोटार कंपन्यांचा ताळेबंद

विजेच्या गाडीला देखभाल जवळपास लागत नाही, असे शोरूममध्ये सांगतात. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट यांपैकी काही नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. पेट्रोल गाडी जुनी होते तसतसा दरवर्षी थोडा थोडा पैसा मालकाच्या खिशातून जातो आणि त्यातला मोठा वाटा कंपनीच्या व डीलरच्या गल्ल्यात पडतो. विजेच्या गाडीत हीच झीज एका महागड्या भागात, बॅटरीत, साचत राहते. पहिली आठ वर्षे त्या भागाची जोखीम साधारणपणे कंपनीच्या डोक्यावर असते. म्हणजे ज्या गोष्टीतून कमाई व्हायची, तिच्यासाठीच आता पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात.

बॅटरीची जबाबदारी कोणाची, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१०च्या सुमारास विजेच्या ट्रकांसाठी एक योजना काढली. ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा, बॅटरी वीजकंपनीची. उतरलेली काढून भरलेली बसवून मिळे, आणि मालक दरमहा ठरावीक आकार अधिक धावलेल्या मैलांप्रमाणे पैसे देई. शिसे-आम्लाच्या बॅटरीत पाण्याची पातळी राखणे, प्लेटांवर सल्फेट साचू न देणे ही जाणकाराची कामे होती आणि ती जाणकाराकडेच राहिली. १९२४ पर्यंत या योजनेतल्या वाहनांनी ६० लाख मैलांहून जास्त अंतर कापले. पण तोवर प्रवासी गाड्यांची लढाई संपली होती. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये बसला, हँडल मारायची कटकट गेली आणि पेट्रोल गाडी घरोघरी चालवण्याजोगी झाली. विजेच्या गाडीचा बाजार एका विजेच्या मोटरनेच उठवला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची गोष्ट सुट्या भागांची आहे. आल्फ्रेड स्लोन जनरल मोटर्सचा प्रमुख झाला, पण तो आला होता बेअरिंगच्या धंद्यातून. त्याच्या अध्यक्षतेखाली १९१६ साली उभी राहिलेली युनायटेड मोटर्स ही सुट्या भागांच्या कारखान्यांची मोट १९१८ साली जनरल मोटर्समध्ये आली. तिच्यासोबत देशभर सुटे भाग विकणारे व दुरुस्ती करणारे जाळेही आले. क्रायस्लरने १९३७ साली ‘मोपार’ हे नाव घेतले, ते आधी अँटिफ्रीझसाठी. पुढे कंपनीचा सुट्या भागांचा सगळा धंदा त्या नावाने चालला. गाडी कमी नफ्यात विकायची आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तिला भाग पुरवायचे, हे गणित तेव्हापासून पक्के झाले. अमेरिकेतल्या डीलरच्या एकूण विक्रीत सर्व्हिस आणि पार्टचा वाटा आठव्या हिश्शाच्या आसपास असतो, पण ढोबळ नफ्यात तो निम्म्याच्या जवळ जातो. आपल्याकडेही नव्या गाडीवर डीलरला फार सुटत नाही; वर्कशॉप, विमा आणि ॲक्सेसरीज त्याला तारतात.

या गणितात विजेची गाडी बसत नाही, हे जनरल मोटर्सला लवकर कळले होते. १९९६ ते १९९९ या काळात तिने ईव्ही-१ ही गाडी १,११७ नग बनवली आणि फक्त भाडेकराराने दिली. पहिल्या पिढीत शिसे-आम्लाची, दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी. नंतर गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय पुढे पुरवता येणार नाही, हे कंपनीने दिलेल्या कारणांपैकी एक होते. त्यावर खूप टीका झाली आणि ती रास्तही होती. पण इतक्या थोड्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे भाग साठवणे महाग पडते, हा मुद्दा खोटा नव्हता.

लिथियम बॅटरीने गाडी बदलली, जबाबदारीचा प्रश्न बदलला नाही. डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या निसान लीफच्या २४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती. २०१२च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या बारा पट्ट्यांतल्या दोन-तीन पट्ट्या गळू लागल्या. उष्णतेत सेलच्या ऋणाग्रावरचा (ॲनोडवरचा) थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. ते परत मिळत नाही. खटला झाला आणि निसानला क्षमतेची हमी द्यावी लागली: पाच वर्षांत किंवा ६०,००० मैलांत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर दुरुस्ती किंवा बदली. तोवर हमी होती ती बॅटरी बिघडण्याची, आता झिजण्याचीही आली.

याची किंमत किती होऊ शकते, हे २०२१ साली शेवरोले बोल्टने दाखवले. एलजीने बनवलेल्या काही सेलमध्ये दोन दोष एकाच वेळी सापडले: ॲनोडची फाटलेली टॅब (जोडपट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन टोके वेगळी ठेवणारा पडदा). एकेकटा दोष चालून गेला असता. दोन्ही एकत्र आले की आतल्या आत शॉर्ट आणि आग. जनरल मोटर्सने सुमारे १,४२,००० गाड्या, म्हणजे तोवर विकलेल्या सगळ्याच बोल्ट, परत बोलावल्या. खर्चाचा अंदाज सुमारे २ अब्ज डॉलर. भागाकार केला तर एका गाडीमागे १४,००० डॉलर होतात. एलजीने यातले १.९ अब्ज डॉलरपर्यंत भरून देण्याचे मान्य केले म्हणून कंपनी वाचली. सेल बाहेरून घेणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या आर्थिक प्रकृतीत पुरवठादाराच्या करारातले हे भरपाईचे कलम आज फार महत्त्वाचे आहे. बीवायडी १९९५ साली बॅटरीचा कारखाना म्हणूनच सुरू झाली. तिला हे कलम कोणाशी घासाघीस करून मिळवावे लागत नाही, पण चूक झाली तर दुसऱ्याच्या माथी मारताही येत नाही.

वॉरंटीत नेमके काय येते, हे कळायला पॅकच्या, म्हणजे गाडीच्या पूर्ण बॅटरीच्या, आत पाहावे लागते. ३२० व्होल्टच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट पॅकमध्ये सेलचे ३.२ व्होल्टचे शंभर गट एकामागे एक जोडलेले असतात. सर्वांत कमजोर गट रिकामा झाला की गाडी थांबते, मग बाकीच्या नव्याण्णवांत कितीही वीज असो. डॅशबोर्डवर २० टक्के दिसत असताना गाडी अचानक बंद पडते, त्याचे नेहमीचे कारण हेच. या रसायनात चार्ज जवळपास कितीही असला तरी व्होल्टेज ३.२ ते ३.३ यांतच राहते. त्यामुळे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून टक्के ठरवते आणि मोजताना चूक साचत जाते. म्हणून अशा बॅटरीला अधूनमधून, शक्यतो घरच्या संथ चार्जरवर, १०० टक्के भरून काही तास जोडलेले ठेवायचे. गट एका पातळीवर आणणारे सर्किट फार दुबळे असते: १०० अँपिअर-तासांच्या सेलमध्ये एक टक्क्याचा फरक असेल आणि सर्किट १०० मिलिअँपिअर काढत असेल, तर तेवढ्यासाठी दहा तास लागतात. नेहमी फास्ट चार्जरवर ८० टक्के करून निघणाऱ्या टॅक्सीला ही संधी मिळतच नाही. एक मोड्यूल (काही गटांचा संच) बदलले, तर नवे बसवण्यापूर्वी त्याचे व्होल्टेज जुन्यांच्या बरोबरीला आणावे लागते. नाहीतर महिन्याभरात गाडी पुन्हा वर्कशॉपमध्ये.

बाकीची देखभाल छोटी, पण चुकली तर गाडी जागची हलत नाही. मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) ओढायला १२ व्होल्टची बॅटरीच लागते. गाडी ‘रेडी’ असताना तिच्या टर्मिनलवर मीटरने १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच दिसत असतील तर मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करत नाही. रीजनरेशनमुळे (मोटरच गाडी मंदावून वीज परत बॅटरीत घालते, त्यामुळे) ब्रेक पॅड कमी झिजतात, पण वापर नसल्याने कोकणातल्या दमट हवेत डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. दरवर्षी पिना काढून ग्रीस करायच्या. ब्रेक फ्लुइड ओलावा शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे. एसीचे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजात करू नये. कॉम्प्रेसरची मोटर थेट तेलात असते, त्याला वीज वाहू न देणारे पीओई तेल लागते; नेहमीचे पीएजी तेल आत गेले की इन्सुलेशन फॉल्ट येऊन पूर्ण हाय-व्होल्टेज यंत्रणा बंद पडते. आणि नारिंगी (हाय-व्होल्टेज) केबलला हात लावण्याआधी १२ व्होल्टची ऋण तार काढणे, सर्व्हिस डिस्कनेक्ट (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारी खिट्टी) ओढणे, कॅपॅसिटर उतरायला दहा मिनिटे थांबणे आणि १,००० व्होल्टच्या हातमोज्यांनी मीटर लावून ६० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करणे, हा क्रम मोडायचा नाही.

या कामासाठी वेगळे लिफ्ट, वेगळी हत्यारे, प्रशिक्षित माणसे लागतात. आणि कामे मात्र कमी येतात. २०२०च्या अखेरीस कॅडिलॅकने आपल्या सुमारे ८८० डीलरना पर्याय दिला: चार्जर आणि हत्यारांवर साधारण दोन लाख डॉलर घाला, नाहीतर पैसे घेऊन एजन्सी सोडा. सुमारे दीडशे जणांनी तीन ते पाच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक घेऊन बाहेरचा रस्ता धरला. फोर्डने २०२२ साली डीलरकडे १२ लाख डॉलरपर्यंतची गुंतवणूक मागितली आणि २०२४ साली ती योजनाच गुंडाळली.

फोर्डचे आकडे पाहणे सोपे, कारण २०२३ पासून ती विजेच्या गाड्यांचा हिशेब वेगळा मांडते. त्या विभागाचा तोटा २०२२ मध्ये २.२ अब्ज डॉलर, २०२३ मध्ये ४.७ अब्ज, २०२४ मध्ये ५ अब्जांच्या वर. याचे खापर देखभालीवर फोडणे चूक ठरेल. नवे कारखाने, किमतींची घसरण आणि अपेक्षेपेक्षा कमी विक्री ही मोठी कारणे आहेत. शिवाय २०२४च्या दुसऱ्या तिमाहीत फोर्डच्या वॉरंटीचा खर्च २.३ अब्ज डॉलरवर गेला, तो मुख्यतः जुन्या इंजिनवाल्या मॉडेलांमुळे. फरक इतकाच की इंजिनवाल्या गाडीची वॉरंटी संपल्यावर पार्ट विकून त्यातले काही परत मिळते.

भारतात हा प्रवास उलट्या टोकाने झाला. बेंगळुरूच्या रेवाने २००१ साली आणलेल्या छोट्या गाडीत ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. डिस्टिल्ड वॉटर टाकायचे आणि काही वर्षांनी संच बदलायचा, दोन्ही मालकानेच. २०१० साली महिंद्राने रेवात ५५.२ टक्के हिस्सा घेतला. टाटा मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये ३०.२ किलोवॉट-तासांची नेक्सॉन ईव्ही आणली आणि बॅटरी व मोटरवर ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी दिली. तेव्हा कंपनीची प्रकृती तोळामासा होती: २०२०-२१ मध्ये १३,४५१ कोटींचा तोटा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी वेगळी कंपनी काढून टीपीजी या गुंतवणूक कंपनीकडून ७,५०० कोटी रुपये घेण्याचे ठरले, त्यामागे ही निकड होती.

पुढे वॉरंटी हेच विक्रीचे हत्यार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर ९.९९ लाखांत बॅटरीविना देऊ केली, वर बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. हार्टफर्डचीच योजना, फक्त वीजकंपनीच्या जागी कर्जपुरवठा करणाऱ्या कंपन्या आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई आणि एक्सईव्ही मालिकेतल्या गाड्यांवर पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी दिली. गाडी विकली की दुसऱ्या मालकासाठी ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर. २०२५ साली टाटानेही पहिल्या मालकासाठी आजीवन हमी आणली, तीत आजीवन म्हणजे १५ वर्षे. यासाठी प्रत्येक विक्रीमागे हिशेबात तरतूद धरावी लागते, आणि ती किती धरायची हे अंदाजावर ठरते, कारण भारतीय उन्हाळ्यात १५ वर्षे चाललेली लिथियम बॅटरीची कुटुंबाची गाडी अजून रस्त्यावर जवळपास नाहीच.

पहिल्या नेक्सॉन ईव्हींची आठ वर्षे २०२८च्या सुरुवातीपासून भरू लागतील. जास्त धावणाऱ्या गाड्यांची १.६ लाख किलोमीटरची मर्यादा त्याआधीच. ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांनी किमान सहा महिने आधी वर्कशॉपमधून बॅटरीचा आरोग्य अहवाल लेखी घ्यावा. त्यात उरलेली क्षमता, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक पूर्ण चार्जला व २० टक्क्यांच्या खाली, आणि इन्सुलेशन रोध (वीज गाडीच्या सांगाड्यात गळत नाही ना, याचे माप) हे आकडे असायला हवेत. खालच्या टोकाला एकच गट वारंवार मागे पडत असेल, तर दावा मुदतीतच नोंदवावा.