धुकं म्हणजे पडदा नव्हे

मोतीबिंदूमुळे फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला सगळं धूसर दिसायचं, म्हणून तो तसं रंगवायचा, असं ठोकून देणारे बरेच भेटतात. तारखा बघा. ल हाव्र बंदरातला त्याचा गाजलेला सूर्योदय १८७२चा, मोतीबिंदूचं निदान १९१२चं आणि शस्त्रक्रिया १९२३ची. म्हातारपणीच्या चित्रांतला तांबूसपणा डोळ्यांच्या माथी मारा हवं तर, पण बंदरातलं धुकं हवेतलंच होतं.

दूरची टेकडी फिकी का दिसते? हवा तिच्याकडून येणारा उजेड अडवते, हे अर्धंच उत्तर. तेवढंच असतं तर टेकडी काळी पडली असती. मधली हवा सूर्यप्रकाश विखरून आपल्याकडेही पाठवते. अंतर वाढेल तसा हा उसना उजेड साठत जातो आणि टेकडी क्षितिजालगतच्या आकाशाच्या रंगात मिसळते.

दृश्यमानता ४ किलोमीटर असलेली सकाळ घ्या. काळी वस्तू आणि आकाश यांच्यातला फरक अगदी जवळ १०० धरला, तर १ किलोमीटरवर तो ३८ उरतो, २ वर १४, ३ वर ५ आणि ४ वर २. त्याखाली डोळ्याला कडाच सापडत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त फरक पहिल्याच किलोमीटरात गेला! नवखा चित्रकार जवळ, मध्य, दूर अशा सारख्या पायऱ्या पाडतो, वर दूरच्या डोंगरात नुसता पांढरा कालवतो. डोंगर खडू फासल्यासारखा दिसतो. कालवायचा असतो क्षितिजाचा रंग, मग तो करडा असो की गुलाबी. फ्रेंच चित्रकार कोरोच्या चित्रांत व्हिल-दाव्रे गावच्या तळ्याकाठची रुपेरी झाडी आकाशात विरते ती अशीच.

रंग कुठला, ते कणांच्या आकारावर ठरतं. हवेचे रेणू निळा प्रकाश (४५० नॅनोमीटर) तांबड्यापेक्षा (७००) जवळपास सहापट विखुरतात, म्हणून दूरची गर्द झाडी निळसर. दूरचा बर्फ मात्र पिवळट, कारण त्याच्या उजेडातला निळा वाटेतच गळतो. धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं-करडं.

२०२३मध्ये इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतल्या घटत्या कॉन्ट्रास्टचा (उजळ-गडद फरकाचा) संबंध वाढत्या प्रदूषणाशी जोडणारा अभ्यास आला. त्यातून एकूण कल दिसतो, एवढाच अर्थ घ्यावा. एकेका चित्रावरून त्या दिवसाची हवा मोजायला निघालात तर फसाल: लंडनमध्ये सुरू केलेल्या कॅनव्हासांवर मोने पुढे फ्रान्समध्ये जिव्हर्नीच्या स्टुडिओत बसून हात फिरवत होता.