आरोग्यसेविकेच्या पिशवीत म्हातारपण उशिरा आले

घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला गल्लीतल्या गरोदर बायका आणि लस राहिलेली मुले तोंडपाठ असतात. त्याच गल्लीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची पाठ शेवटची कधी तपासली, याला मात्र तिच्या वहीत फार काळ रकानाच नव्हता. दोष तिचा नाही. हे काम आपल्याकडे ज्या वाटेने वाढले, त्या वाटेवर म्हातारे माणूस फार उशिरा लागते.

इंग्लंडमध्ये सुरुवात उलट टोकाने झाली. 1859 साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी मरणपंथाला लागलेल्या पत्नीसाठी घरी परिचारिका ठेवली होती. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी तिलाच शहरातल्या गरीब रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे वाट सुरू झाली ती बाळंतपणातल्या मृत्यूंपासून. दिल्लीत 1918 साली निघालेली लेडी रीडिंग हेल्थ स्कूल ही शाळा माता आणि अर्भकांसाठीच हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका, तयार करत होती. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले आणि 40,000 वस्तीच्या प्राथमिक केंद्राला चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका सुचवल्या. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, पण मनुष्यबळ त्या प्रमाणात कधीच आले नाही. 1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर वेगवेगळ्या आजारांचे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी झाले. कागदावर उद्देश अनेक होते. प्रत्यक्षात 1996 पर्यंत कुटुंबनियोजनाचे लक्ष्य सगळ्यांवर स्वार होते.

सोलापूरला या इतिहासाची झळ जास्त बसली, कारण इथले म्हातारपण कामातून आलेले आजार घेऊन येते. 1877 च्या जुन्या गिरणीपासून शहर कापडावर वाढले. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती धरते, मागांच्या खडखडाटाने कान जातात. गिरणी कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेचा दवाखाना होता. निवृत्तीनंतरही उपचार मिळतात, पण किमान पाच वर्षांची विमापात्र नोकरी लागते आणि वर्षाला 120 रुपये भरावे लागतात. गिरण्या बंद पडल्यावर काम लहान यंत्रमागांत विखुरले, तिथे कित्येकांच्या नोकरीची धड नोंदच नाही. शहराच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांसाठी 1976 च्या कायद्याने कल्याण निधी आला, त्यातून दवाखाने चालले. तो निधी ज्या उपकरावर उभा होता, तो 2017 मध्ये जीएसटी आल्यावर रद्द झाला. वर्षानुवर्षे मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचे गुडघे, कंबर आणि मधुमेह एकदमच समोर येतात.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे 9.9 टक्के होती, देशात 8.6. त्याच सुमारास दोन राष्ट्रीय कार्यक्रम आले. एक मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांसाठी, दुसरा ज्येष्ठांसाठी. दुसऱ्यात प्राथमिक केंद्रात आठवड्याचा ज्येष्ठांचा दवाखाना आणि अंथरुणावरच्या रुग्णांच्या गृहभेटी लिहिलेल्या होत्या. 2018 नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, तिशीपुढच्या सर्वांची तपासणी सुरू झाली. आशाताई आजाराच्या धोक्याला गुण देणारा फॉर्म भरतात, चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला प्राधान्य.

अडचण फॉर्म भरल्यानंतर सुरू होते. रक्तदाब दारात उभ्याउभ्या, चहा-तंबाखूनंतर लगेच घेतला तर आकडा फसवा येतो. पाच मिनिटे टेकून बसवायचे, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे. म्हाताऱ्या माणसाचा उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनीही मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका असतो. तसे दिसले तर चालू गोळ्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांत हे जास्त दिसते, कारण घामाने पाणी आधीच कमी झालेले असते. इन्सुलिनचेही तसेच. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत हवी. वापरातली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ती 30 अंशांखालच्या खोलीत. पत्र्याच्या घरात ती मुदत धरता येत नाही. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या भांड्यात ठेवावा. बर्फाला मात्र चिकटवू नये, गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

अंथरुणावरच्या रुग्णाची पाठ महिन्याच्या भेटीने वाचत नाही. माकडहाड, टाच, खुबा इथली कातडी दाबल्यावरही लालच राहिली, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. त्या जागी चोळणे, पावडर थापणे, मध्ये भोक असलेली रबरी गादी देणे या तिन्ही जुन्या सवयी नुकसान करतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन 30 अंशांवर कलते ठेवणे, टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी ठेवणे हे घरच्यांनाच करावे लागते. म्हणून पहिल्या भेटीत सेविकेने स्वतः कूस बदलून दाखवावी, मग सुनेकडून किंवा मुलाकडून समोर करून घ्यावी. पूर्व भागात हे तेलुगूत सांगावे लागते, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये, आणि मागावर कान गेलेल्या माणसाला समोर बसून, ओठ दिसतील असे. भेटीच्या वेळेत हे शिकवणे मोजले जात नाही, आकडा मोजला जातो. जुन्या लक्ष्यांच्या काळाचा हा वारसा अजून मोडलेला नाही.