ग्रामीण युवक शेती मंडळे

खेड्यातील मुले व तरुण यांना एकत्र आणून त्यांच्याकडून सुधारित शेती प्रत्यक्ष करवून घेणारी मंडळे. मूळ हिशेब साधा होता: थोरले ऐकत नसतील तर बी पोरांच्या हाती द्यावे.

अमेरिकेत ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम या शाळा-अधीक्षकाने १९०२ मध्ये असा गट जमवला. मुले लिटमस कागदाने घरच्या मातीची आम्लता तपासत, मक्याचे बियाणे निवडत आणि पेरून बघत. त्यातूनच ‘फोर-एच’ चळवळ उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिला सरकारी कृषिविस्ताराचा आधार मिळाला. ब्रिटनमधले पहिले मंडळ १९२१ मध्ये डेव्हनमधील हेमियॉक येथे निघाले. तिथे मुलांच्या हाती मक्याऐवजी वाढवायला वासरू होते.

भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवकाच्या कामांत युवक मंडळ आले. १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे आली. नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९८२ मध्ये सुरू केलेल्या विकास स्वयंसेवक वाहिनीचे २००५ मध्ये ‘शेतकरी क्लब’ असे नामांतर झाले. पण त्यात भर पीककर्ज आणि परतफेडीच्या शिस्तीवर, पोरांवर नव्हे.

सोलापूरकडे शिकण्यासारखे जवळच होते. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३३ पासून चालू आहे, आणि रब्बी ज्वारीचे मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडले गेले. चांगले कणीस हेरून बियाण्याला बाजूला काढायचे, हे घरची म्हातारी माणसे करीतच आली होती. अडचण वेगळी होती. ओहायोच्या पोराला पेरायला स्वतःचा तुकडा मिळे. इथे सातबारा वडिलांच्या नावावर, आणि पाऊस बेभरवशाचा. एक हंगाम बुडाला तर पोराच्या प्रयोगाला दुसऱ्यांदा रान कोण देणार? गावात तरुणांचे मंडळ असे, पण ते गणपतीचे, भजनाचे किंवा तालमीचे. शेती त्यात आली तर मागच्या दाराने.

फळबागांनी हे बदलले. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग बांध ओळखत नाही. शेजाऱ्याने रोगट फांद्या छाटून जाळल्या नाहीत तर आपली फवारणी वाया. त्यामुळे सांगोला, पंढरपूर भागात एकत्र बसणे ही हौस न राहता गरज झाली. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले. द्राक्षात तर नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी स्वतःच्याच बागेत निवड करून ‘सोनाका’ हे वाण काढले: सोलापूरचा ‘सो’, नान्नजचा ‘ना’, काळे यांचा ‘का’. आता बागायतदारांची तरुण पोरे पानावरचा डाग दिसला की आधी फोटो मोबाइलवरच्या गटावर टाकतात. त्या गटाला अध्यक्ष नसतो, नोंदणी नसते, आणि सातबाराही कोणी विचारत नाही.