सत्रसंचालन (भूमिकाखेळातील)

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळाची, म्हणजे बोलीत ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम) म्हणतात त्याची, बैठक चालवण्याची रीत. बैठकीत सहसा चार ते सहा जण असतात. एक जण संचालक. तो जग उभे करतो, अडथळे मांडतो, निवाडा देतो. बाकीचे एकेक पात्र वागवतात. ठाणे-नवी मुंबईकडचे खेळाडू संचालकाला ‘डीएम’ (डंजन मास्टर) किंवा ‘जीएम’ (गेम मास्टर) म्हणतात. ‘सूत्रधार’ हा मराठी पर्याय जवळचा असला, तरी त्या शब्दाची व्युत्पत्तीच वादग्रस्त आहे. बाहुल्यांची दोरी धरणारा तो सूत्रधार, असे मानून रिखार्ट पिशेल या जर्मन संस्कृतज्ञाने संस्कृत नाटकाचे मूळ कळसूत्री खेळात शोधले. दुसरा पक्ष मापाची दोरी धरणाऱ्या स्थपतीकडे बोट दाखवतो. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सर्पसत्रप्रसंगी वास्तुविद्या जाणणाऱ्या स्थपतीला सूत्रधार म्हटले आहे. प्रस्तुत विषयापुरता दुसरा अर्थच सोयीचा वाटतो. पात्रांच्या दोऱ्या संचालकाने हातात घेतल्या की खेळ बिघडतो. त्याचे काम जागा आखून देण्याचे.

संचालकाची भूमिका प्रशियन सैन्यातील युद्धखेळाच्या, म्हणजे नकाशावर केलेल्या लढाईच्या नकलेच्या, पंचापासून आली, असे सामान्यतः मानतात. त्या खेळाचे, धाकट्या राइस्विट्झ या प्रशियन अधिकाऱ्याचे नियम १८२४ मधले. पुढे कोष्टकांचे जंजाळ इतके वाढले, की १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने बहुतेक निर्णय पंचाच्या अनुभवावर सोडावेत असे सुचवले. ‘नियम पाहू की निकाल देऊ’ हा आजच्या बैठकीतला तंटा तेव्हापासूनचा. अमेरिकेत डेव्हिड वेस्ली याच्या ‘ब्राउनस्टाइन’ खेळात (सुमारे १९६९) खेळाडूंना सैन्याच्या पलीकडच्या, शहरातल्या माणसांच्या भूमिका मिळाल्या. ते आपापसांत कट रचू लागले, गोंधळ माजला, आणि खेळ फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडायचा आग्रह धरला. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन याने ‘ब्लॅकमूर’ हा कल्पित जगातला खेळ रचला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांच्या नावे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला. श्रेयाचा वाद पुढे न्यायालयात गेला. पहिल्या नियमांत संचालकाला पंच असेच म्हटले आहे. ‘डंजन मास्टर’ हे नाव त्यानंतर रुळले.

पात्राचे काम जमले की नाही हे फासा ठरवतो: ठरलेला आकडा किंवा अधिक पडला की जमले. या फाशांचे गणित बहुतेक नवे संचालक गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३० टक्के. दोन फासे टाकून मोठा धरला, तर ती ५१ टक्के होते. ‘पुन्हा एकदा शोधतो’ म्हणत तीनदा टाकू दिले, तर जवळजवळ ६६. म्हणून एका कामाला फासा एकदाच. उलट बाजूही आहे. पहारेकऱ्याला चुकवून चौघांनी जायचे, प्रत्येकाला ८ किंवा अधिक हवे, म्हणजे प्रत्येकी ६५ टक्के. तरी चौघेही निभावण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के. निम्मे जमले तर सगळे पार, असे ठरवले की तीच ८७ टक्क्यांच्या आसपास जाते. हरल्याने गोष्ट अडून बसणार असेल तिथे फासा मागूच नये. महत्त्वाचा सुगावा एकाच दारामागे ठेवू नये. खेळाडू नेमके ते दार उघडत नाहीत.

तयारी किती करावी, यावर मतभेद आहेत. कोकणातून ठाण्यात आलेल्यांना दशावताराचा दाखला लगेच पटतो: आख्यान ठरलेले, संवाद मात्र रंगमंचावर सुचतील तसे. संचालकानेही माणसे, त्यांचे हेतू आणि जागा ठरवाव्यात, शेवट ठरवू नये. नियमावर वाद निघाला तर तात्पुरता निकाल देऊन पुढे जावे आणि पुस्तक चहाच्या वेळी उघडावे. कोणते विषय नकोत, खेळ गमतीचा की भयाचा, हे पहिल्या खेळाच्या आधीच्या बैठकीत बोलून घेतात. गप्प बसणाऱ्याला ‘तू काय करतोस?’ असे पात्राच्या नावाने विचारावे. तो बहुधा काहीतरी ठरवूनच बसलेला असतो.

बैठकीची वेळ हा ठाणे-नवी मुंबईकडे खेळाइतकाच अवघड प्रश्न. रविवार सगळ्यांना मोकळा, पण मेगाब्लॉकही रविवारीच. ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर ब्लॉक असला, की नेरूळचा खेळाडू ठाण्यात चारनंतरच उगवतो आणि घोडबंदर रोडवरचा त्याच्याही मागून. चार-पाच तास हाती धरून तीन तासांचाच खेळ आखलेला बरा. गैरहजर पात्र तंबूत झोपले आहे, असे म्हणून मोकळे व्हावे. फासे स्टीलच्या ताटात टाकतात, म्हणजे सोफ्याखाली जात नाहीत. ताटात वर्तमानपत्राची घडी घातली, तर आतल्या खोलीत झोपलेली आजीही उठत नाही. वडापाव हात धुऊन संपवावा, नाहीतर पात्राच्या कागदावर तेलाचा डाग नेमका प्राणगुणांच्या (हिट पॉइंट्सच्या) रकान्यात पडतो.

सत्र थांबवावे ते लढाई संपल्यावर नव्हे, निर्णय घेताना. मागच्या वेळचा सारांश खेळाडूकडून वदवून घ्यावा. संचालक सांगू लागला, तर स्वतःला आवडलेला भागच सांगतो.