पिकल प्रवाहाचे परीक्षण

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील ऑब्जेक्ट पिकल मॉड्यूलने बाइटांच्या प्रवाहात उतरवल्यावर त्या प्रवाहातील आज्ञा प्रत्यक्ष न चालवता एकेक करून वाचण्याची पद्धत. तिच्यासाठी पिकलटूल्स हे मॉड्यूल २.३ या आवृत्तीपासून (२००३) पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. डिस या मॉड्यूलशी त्याची गल्लत होऊ नये. डिस फंक्शनचा बाइटकोड उलगडते, तर पिकलमध्ये फंक्शनचा कोड साठवलाच जात नाही. त्याचे मॉड्यूल आणि नाव एवढेच साठते.

पिकल म्हणजे माहितीचा साचा नसून एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो चालवणाऱ्या आभासी यंत्राकडे एक स्टॅक (मूल्ये एकावर एक ठेवण्याची आणि वरूनच काढण्याची जागा) आणि मेमो नावाची एक नोंदवही असते. प्रत्येक आज्ञा एका बाइटची असून काहींना पुढे मूल्य जोडलेले असते. आज्ञा पहिल्यापासून शेवटच्या ‘स्टॉप’पर्यंत एकदाच चालतात. लूप नाही, अट नाही, अंकगणित नाही. पिकलटूल्सच्या सोर्स कोडमधील विस्तृत टिपणात, जे या यंत्राचे आजही सर्वोत्तम वर्णन आहे, फंक्शन कॉलही नाही असे म्हटले आहे. हे विधान शब्दशः घेता येत नाही. ‘रिड्यूस’ ही आज्ञा स्टॅकवरचा कॉलेबल (कॉल करता येणारे फंक्शन किंवा क्लास) आणि त्याच्या आर्ग्युमेंटांचा टपल (न बदलता येणारी यादी) काढून घेते, कॉल करते आणि आलेले उत्तर परत स्टॅकवर ठेवते. यंत्राला स्वतःची फंक्शने नाहीत, एवढ्याच अर्थाने ते विधान खरे मानावे.

१ आणि २ हे दोन पूर्णांक असलेली लिस्ट चौथ्या प्रोटोकॉलने (प्रोटोकॉल म्हणजे पिकल स्वरूपाची क्रमांकित आवृत्ती) पिकल केली, तर २० बाइट मिळतात. पहिला बाइट १२८ (प्रोटो) आणि त्यापुढे ४ हा प्रोटोकॉल क्रमांक. मग १४९ (फ्रेम) आणि आठ बाइटांत लिहिलेली लांबी, ती येथे ९. खरा मजकूर यानंतरच्या नऊ बाइटांत आहे. ‘]’ या चिन्हाने रिकामी लिस्ट स्टॅकवर येते. १४८ (मेमोइझ) तिची मेमोत नोंद करतो. ‘(’ ही खूण ठेवली जाते. एका बाइटात मावणाऱ्या पूर्णांकाची आज्ञा दोनदा येऊन १ आणि २ ढकलते. ‘अपेंड्स’ खुणेपर्यंतचे सगळे उचलून लिस्टमध्ये घालते आणि ‘.’ वर काम थांबते. हीच लिस्ट दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये १२ बाइटांत बसते आणि सध्याच्या पायथनमध्ये शून्य प्रोटोकॉलने १४ बाइटांत. नवा प्रोटोकॉल म्हणजे लहान पिकल, हा समज छोट्या ऑब्जेक्टांपुरता तरी टिकत नाही. येथे फ्रेमचेच नऊ बाइट वाढतात.

रिकामी लिस्ट आधी आणि घटक नंतर, हा क्रम सहेतुक आहे. लिस्टमध्ये तीच लिस्ट घातलेली असेल, तर आतल्या उल्लेखाच्या वेळी ती मेमोत असावी लागते. टपलच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण टपल घटकांशिवाय घडत नाही. एका टपलात लिस्ट आणि त्या लिस्टमध्ये तोच टपल अशी रचना असेल, तर घटक साठवता साठवताच तो टपल आतून तयार होऊन मेमोत जातो. तेव्हा पिकलर (पिकल लिहिणारा भाग) स्टॅकवरचे घटक ‘पॉप’ने फेकून देतो आणि मेमोतील प्रत उचलतो. पॉप ही आज्ञा पिकलमध्ये का आहे, हे अशी रचना डिसअसेंबल करून, म्हणजे आज्ञा उलगडून, पाहिल्यावर चटकन उमजते.

प्रोटोकॉलांच्या उगमाची कालनिश्चिती काहीशी अवघड आहे. मॉड्युला-३ या भाषेत याच नावाची सोय आधीपासून होती आणि पायथनमधील नाव तेथून आले असावे. आज्ञांची रचना मात्र पायथनचीच दिसते. आज ज्यांना शून्य आणि एक म्हणतात, ते प्रोटोकॉल मुळात क्रमांकित नव्हते. २.२ पर्यंत पिकलरला फक्त ‘बायनरी हवे की नको’ एवढे सांगता येई. क्रमांक गीडो व्हान रॉसम आणि टिम पीटर्स यांच्या पेप ३०७ (२००३) या प्रस्तावाने आले, म्हणजे आधीच्या दोन स्वरूपांना ते मागाहून चिकटवले गेले. सोर्स कोडमधील सुसंगत स्वरूपांची यादी अधिक बोलकी आहे. तिच्यात १.० (मूळ शून्य), १.१ (त्यात ‘इन्स्ट’ या ऑब्जेक्ट घडवणाऱ्या आज्ञेची भर), १.२ (मूळ एक) आणि १.३ (त्यात बायनरी फ्लोटची भर) अशा चार पायऱ्या आहेत. त्यामुळे प्रत्येकी एकच जुने स्वरूप मानण्यापेक्षा ही चार पायऱ्यांची मांडणी ग्राह्य धरणे बरे. बायनरी स्वरूपाचा संबंध जिम फुल्टन यांच्या सी-पिकलशी (पिकल मॉड्यूलच्या सी भाषेतील रूपाशी) असून ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असावे. या थरांची एक खूण आजही दिसते : बायनरी पूर्णांकात सर्वांत कमी वजनाचा बाइट आधी येतो, तर बायनरी फ्लोटमध्ये सर्वांत जास्त वजनाचा.

पुढचा क्रम स्पष्ट आहे. तिसरा प्रोटोकॉल पायथन ३.० बरोबर आला. चौथा (पेप ३१५४) ३.४ मध्ये आणि पाचवा (पेप ५७४) ३.८ मध्ये आला. हे दोन्ही प्रस्ताव आंत्वान पित्रू यांचे. पाचव्यात मोठे बफर (कच्च्या माहितीचे सलग तुकडे) प्रवाहाबाहेरून देता येतात, म्हणून केवळ प्रवाह वाचून त्यांच्यातील मजकूर कळत नाही.

परीक्षणाच्या दृष्टीने चौथ्या प्रोटोकॉलमधील ‘स्टॅक-ग्लोबल’ सर्वांत महत्त्वाचे. नावावरून क्लास किंवा फंक्शन आणणाऱ्या जुन्या ‘ग्लोबल’ आज्ञेत मॉड्यूल आणि नाव आज्ञेलाच जोडलेले असे. कलेक्शन्स मॉड्यूलमधील ऑर्डर्डडिक्ट हा क्लास वापरला असल्यास डिसअसेंब्लीच्या एका ओळीत तो दिसे. स्टॅक-ग्लोबलला मूल्य नाही. ती दोन्ही स्ट्रिंग स्टॅकवरून घेते. सामान्य पिकलमध्ये त्या लगतच वर असतात, पण मुद्दाम रचलेल्या पिकलमध्ये त्या बऱ्याच आधी मेमोत टाकून नंतर उचलता येतात. तेव्हा लगतच्या दोन ओळी पाहून निष्कर्ष काढणे चुकीचे. स्टॅक आणि मेमो हाताने किंवा प्रोग्रॅमने शेवटपर्यंत फिरवूनच पाहावे लागतात. मेमोइझमध्येही क्रमांक लिहिलेला नसतो. मेमोत त्या क्षणी असलेल्या नोंदींची संख्या हाच तो क्रमांक.

पिकलटूल्समध्ये मुख्यतः तीन फंक्शने आहेत. डिस (वर उल्लेखलेल्या डिस मॉड्यूलहून वेगळे) प्रत्येक आज्ञेचे स्थान, चिन्ह, नाव आणि मूल्य छापते, खुणेनुसार ओळी आत सरकवते आणि शेवटी वापरलेल्या आज्ञांतील सर्वोच्च प्रोटोकॉल सांगते. जेनॉप्स त्याच आज्ञा एकेक करून हाती देते. ऑप्टिमाइझ कधीच न वाचल्या जाणाऱ्या मेमो नोंदी गाळते. वरील लिस्टमधील मेमोइझ त्यात जातो. ३.२ पासून हे मॉड्यूल कमांड लाइनवरूनही चालवता येते.

डिस आणि खरा अनपिकलर (पिकल चालवून ऑब्जेक्ट परत घडवणारा भाग) यांचे वागणे मात्र एकसारखे नाही. मेमोत एकच क्रमांक दोनदा लिहिला गेला, तर डिस त्रुटी देऊन थांबते; अनपिकलर जुनी नोंद पुसून पुढे जातो. त्यामुळे डिस अडखळले म्हणून पिकल निरुपद्रवी ठरत नाही. उलट बाजूनेही तेच : प्रवाह मध्येच तुटका असेल तर अनपिकलर त्रुटी देतो, पण तोवर आधीचे रिड्यूस चालून गेलेले असते.

सुरक्षेचा प्रश्न येथूनच उभा राहतो. २.२ पर्यंत अनपिकल करताना ‘सुरक्षित’ अशी खूण नसलेले कॉलेबल नाकारले जात. पेप ३०७ ने ही तपासणी काढून टाकली, कारण ती सुरक्षिततेचा खोटा भरवसा देत होती; हा निर्णय योग्यच होता. परक्या स्रोताचे पिकल उघडू नये, हा इशारा त्यानंतर ठाम झाला. मशीन लर्निंगच्या मॉडेल फायलींमुळे तो पुन्हा ऐरणीवर आला. पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीच्या नेहमीच्या फायलीत झिप संचिकेत एक पिकल असते आणि टेन्सरची (आकड्यांच्या सारण्यांची) साठवण त्यातून पर्सिस्टंट आयडीने, म्हणजे पिकलबाहेरील माहितीकडे बोट दाखवणाऱ्या ओळखीने, दर्शवलेली असते. २०२१ मध्ये आलेले फिकलिंग हे साधन असे पिकल पायथन कोडच्या रूपात मांडून दाखवते.

धोकादायक नावांची यादी करून पिकल गाळणाऱ्या साधनांवर फार विसंबू नये. ओएस मॉड्यूलमधील सिस्टिम हे फंक्शन पिकल केले, तर लिनक्सवर मॉड्यूलचे नाव ‘पॉझिक्स’ आणि विंडोजवर ‘एनटी’ असे पडते. फक्त ‘ओएस’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय कॉल केवळ रिड्यूसनेच होतात असेही नाही. इन्स्ट, ऑब्ज आणि न्यूऑब्ज याही ऑब्जेक्ट घडवतात, तर बिल्ड ऑब्जेक्टची सेटस्टेट मेथड चालवते. अनपिकलरची नावे शोधणारी फाइंड-क्लास मेथड बदलून मोजकीच नावे मान्य करणे हा मार्ग अधिक भक्कम. पायटॉर्च २.६ (२०२५) पासून मॉडेल उघडताना असेच मर्यादित अनपिकलिंग गृहीत धरले जाते.

इतर भाषांत हे स्वरूप वेगळे आहे. जावाचा प्रवाह १७२ आणि २३७ या बाइटांनी सुरू होतो आणि व्याकरणानुसार वाचला जातो. त्यात पिकलसारखे स्टॅकयंत्र नाही. रुबीच्या मार्शलमध्ये पहिले दोन बाइट ४ आणि ८ हे आवृत्तीचे असतात, आणि पुढे प्रत्येक मूल्याआधी त्याचा प्रकार सांगणारे अक्षर येते.