मत्स्यपेटीचे मॅक्रो छायाचित्रण : लेन्स आणि प्रकाशयोजना

काचेच्या टाकीत पाळलेले मासे, कोळंबी, गोगलगायी, पाणवनस्पती आणि प्रवाळ यांची काचेबाहेरून, पण अगदी जवळून टिपलेली छायाचित्रे या प्रकारात मोडतात. बागेतल्या किड्याचा किंवा फुलाचा मॅक्रो काढताना मध्ये फक्त हवा असते. इथे हवा, काच आणि पाणी अशी तीन माध्यमे मध्ये येतात, शिवाय मासा थांबत नाही. म्हणून लेन्सच्या खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी टाकीची पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतची खोली मोजून घ्यावी. आणि पैसे मोजकेच असतील तर ते आधी प्रकाशावर खर्च करावेत. मध्यम प्रतीची लेन्स आणि चांगला फ्लॅश असला तर चित्र निघते. उलटे क्वचितच जमते.

खऱ्या मॅक्रो लेन्सची ओळख म्हणजे १:१ प्रतिमावर्धन : वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर. (निकॉन अशा लेन्सना ‘मायक्रो’ म्हणते, त्यामुळे नवखे गोंधळतात.) फुलफ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, म्हणजे जेमतेम तीन सेंमीचा निऑन टेट्रा १:१ वर चौकटभर येतो. शेपटासकट सात सेंमी भरणाऱ्या फायटर माशाला त्याच्या निम्मे वर्धन पुरते. पूर्ण १:१ ची गरज पडते ती चेरी श्रिंप ही इवली कोळंबी, अंडी, किंवा माशाचा नुसता डोळा टिपताना. तिथे किंमतही मोजावी लागते. एफ/११ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा, तितके छिद्र लहान) १:१ ला स्पष्ट दिसणारा पट्टा सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो, निम्म्या वर्धनाला तो सुमारे चार मिमी होतो. शिवाय १:१ ला लेन्सचे एफ/११ प्रकाशाच्या हिशेबात एफ/२२ सारखे वागते, म्हणजे दोन स्टॉप उजेड गेला (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). टाकीवरच्या रोजच्या दिव्यात मॅक्रो का काढता येत नाही, याचे उत्तर या एका गणितात आहे.

किती मिमी फोकल लेंथची लेन्स घ्यावी, हे ठरते ते लेन्सच्या तोंडापासून विषयापर्यंत उरणाऱ्या अंतरावर. कंपन्या देतात ते किमान फोकस अंतर सेन्सरपासूनचे असते आणि त्यात लेन्सची लांबीही धरलेली असते. १०० मिमीच्या लेन्सला ते सुमारे ३० सेंमी असले तरी १:१ ला तोंडापुढे तेरा-चौदा सेंमीच उरतात. ४० मिमीच्या लेन्सला साडेतीन सेंमी. त्यातही पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर दिसते : काचेमागे २० सेंमीवर असलेला मासा लेन्सला १५ सेंमीवर भासतो. सर्वसाधारण दोन फुटी टाकी एक फूट खोल असते. तिच्यात १०० मिमीची लेन्स हूड (तोंडावरची पुढे आलेली कड) काचेला टेकवून धरली, की मधल्या पाण्यातले मासे नेमके पल्ल्यात येतात आणि मागची पार्श्वभूमीही आटोपशीर राहते. ४० मिमीच्या लेन्सला मासा पुढच्या काचेला चिकटून येईपर्यंत थांबावे लागते आणि लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. टेबलावरच्या छोट्या टाकीसाठी ६० मिमी सोयीची. १५० मिमीच्या पुढच्या लेन्स मोठ्या टाक्यांसाठी ठीक. पण मध्ये पाणी जितके जास्त, तितका गढूळपणाही जास्त दिसतो. पैसे वाचवायचे तर ५० मिमीच्या साध्या लेन्सला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधली पोकळ नळी) लावून निम्मे वर्धन मिळते. मात्र मासा जरा लांब गेला की फोकसच्या बाहेर जातो.

लेन्स काचेशी काटकोनात धरावी. तिरके धरल्यास काच-पाण्याच्या सीमेवर किरण वेगवेगळे वळतात, कडांना रंगाच्या झालरी येतात आणि खवले मऊ दिसतात. गोल भांड्यात तर नाद सोडलेलाच बरा. प्रतिबिंबांवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घ्या असा सल्ला हमखास मिळतो, पण तो काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांच्या कोनात सर्वाधिक काम करतो. सरळ समोरून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, वर दीड-दोन स्टॉप उजेड जातो. त्यापेक्षा रबरी हूड, काळा कपडा आणि खोलीतले बंद दिवे पुरेसे आहेत.

मुख्य फ्लॅश वरून हवा. टाकीच्या काचेच्या झाकणावर, पुढच्या काचेजवळ, तोंड खाली करून ठेवावा आणि ट्रिगरने, म्हणजे कॅमेऱ्यावरून दुरून उडवणाऱ्या उपकरणाने, चालवावा. मधोमध ठेवला तर माशाची मागची बाजू उजळते आणि आपल्याकडची काळी पडते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर दोनदा दगा देतो : काचेवर चकाकतो, आणि माशाच्या चंदेरी कुशीवर पांढरा डाग पाडतो, कारण त्या त्वचेतले ग्वानिन या पदार्थाचे स्फटिक आरशासारखे उभे रचलेले असतात. पोटाखालची सावली बोचत असेल तर दुसरा, कमी ताकदीचा फ्लॅश बाजूने ४५ अंशांवर ठेवावा. तळाला फिकट वाळू असेल तर तीच खालून उजेड परतवते. मासा चित्रात गोठतो तो शटरमुळे नव्हे. शटर सिंक वेगावर (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वांत जलद वेगावर), साधारण १/२०० सेकंदावरच, राहते. ताकद १/१६ वर आणलेल्या पुष्कळ फ्लॅशची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपते, आणि हलता पर तेवढ्यात स्थिर दिसतो. लेन्समधले स्टॅबिलायझेशन हात सावरते, माशाला नाही. फ्लॅश बंद ठेवून एक चित्र काढून पाहावे : ते काळे आले तर खोलीतला उजेड चित्रात घुसत नाही.

मात्र टाकीचा दिवा विझवू नये. निऑनचा निळा पट्टा रंगद्रव्याचा नाही. पेशींतल्या ग्वानिनच्या पातळ थरांवरून परतलेल्या प्रकाशाचा आहे. अंधारात काही वेळ राहिलेल्या माशाचा पट्टा फिकट जांभळट होतो आणि उजेडात तो भरून यायला काही मिनिटे लागतात. प्रकाशाचा कोन बदलला तरी निळ्याचा हिरवट होतो, त्यामुळे फ्लॅश चार बोटे सरकवून फरक पाहण्यासारखा असतो. याच माशाचे शास्त्रीय नाव, पॅराकायरोडॉन इनेसाय, फिलाडेल्फियाचे मत्स्यपालक आणि प्रकाशक विल्यम इनेस (१८७४–१९६९) यांच्यावरून पडले. त्यातले ‘इनेसाय’ हे जातिनाम मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज मायर्स यांनी १९३६ मध्ये दिले. इनेस स्वतः माशांची छायाचित्रे काढत.

पूर्वतयारी कंटाळवाणी, पण निम्मे यश तिच्यात. बोअरच्या पाण्याने काचेवर बसलेले पांढरे क्षार बाहेरून व्हिनेगरने पुसता येतात, आतले शेवाळ चुंबकी ब्रशने. पाणी बदलल्यावर बारीक बुडबुडे काचेला चिकटतात, म्हणून एक दिवस जाऊ द्यावा. चित्रे काढण्याआधी अर्धा तास फिल्टर आणि हवेचा पंप थांबवला की तरंगता कचरा खाली बसतो. नाहीतर फ्लॅशमध्ये तो चांदण्यासारखा चमकतो. मत्स्यशास्त्रज्ञ जिवंत माशाचे रंग नोंदवताना अरुंद पेटी वापरतात आणि आतल्या सरकत्या काचेने मासा हळूच पुढे आणतात, कारण फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाहीत.

प्रवाळाच्या टाकीत हे सारे उलटते. निळ्या एलईडीखाली प्रवाळांचे हिरवे-केशरी प्रतिदीपन (निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात उजळणे) दिसते, फ्लॅश मारला की ते धुऊन निघते. तिथे टाकीचाच दिवा ठेवायचा, पाण्याचे पंप थांबवायचे, कॅमेरा तिपाईवर घ्यायचा आणि लेन्सपुढे पिवळा किंवा केशरी फिल्टर लावायचा. बऱ्याच कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स (दिव्याची रंगछटा सावरणारी सोय) १०,००० केल्व्हिनवर संपतो, त्यामुळे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घेऊन निळा नंतर उतरवावा लागतो. मंद केलेले एलईडी पल्सवर (भराभर उघडझाप करत) चालत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये चित्रावर आडवे पट्टे येतात. दिवा पूर्ण ताकदीवर नेला की बहुधा ते जातात.